चाळणी आणि तराजू

सुरुवातीलाच कबूल करतो, मला पियानोतलं फारसं कळत नाही. मी मूळचा मिरजेचा. शाळेच्या वाटेवर सतारमेकरांची दुकानं, त्यामुळे वाळत घातलेले भोपळे आणि जवारी काढणाऱ्या माणसाचं तो एकच स्वर पुन्हा पुन्हा छेडत बसणं, एवढंच माझं संगीतशिक्षण. पुढे सांगलीला इंजिनियरिंग, पुण्यात नोकरी आणि आता बावीस वर्षं झाली, कॅल्गरीत पाइपलाइनच्या धंद्यात आहे. तरीही आज पियानोवर, आणि त्यातही पियानोच्या स्पर्धांवर लिहायला बसलोय. कारण गेल्या आठवड्यात आमच्या कन्येने जेवता जेवता एक वाक्य टाकलं आणि माझा घास हातातच राहिला. ते वाक्य शेवटी सांगतो. आधी थोडं मागे जायला हवं.

कॅल्गरी म्हटलं की आपल्या लोकांना तेल, थंडी आणि जुलैतलं स्टॅम्पीड एवढंच आठवतं. पण दर तीन-चार वर्षांनी इथे 'होनन्स' नावाची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरते आणि त्या जगात तिचं नाव आदराने घेतात. एस्थर होनन्स नावाच्या इथल्याच एका बाईंनी ५० लाख डॉलरची देणगी दिली, त्यातून १९९२ साली पहिली स्पर्धा झाली. बाई तेव्हा खूप आजारी होत्या. स्पर्धा पार पडली आणि त्या गेल्या. पहिलं बक्षीस एक लाख कॅनेडियन डॉलर, आणि त्याहून मोलाचं म्हणजे पुढची तीन वर्षं विजेत्याचे कार्यक्रम, रेकॉर्डिंग, प्रसिद्धी हे सगळं स्पर्धावालेच बघतात. आणखी एक गोष्ट मला आवडते. नुसतं एकट्याने वाजवून भागत नाही, गायकाला किंवा व्हायोलिनवाल्याला साथही करून दाखवावी लागते. आपल्याकडे एकट्या तबल्याचा सोलो जोरात करणारा साथीला बसला की गडबडतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली मेख कळेल.

तर २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही तिघं अंतिम फेरीला गेलो. कन्या तेव्हा तेरा वर्षांची. जॅक सिंगर हॉल सुमारे १८०० खुर्च्यांचा, मागे ऑर्गनच्या नळ्यांची भिंत. (मी अर्थातच आधी नळ्यांचे व्यास बघत बसलो. सवय.) पहिला आला इलिया ओव्हचारेंको, एकवीस वर्षांचा युक्रेनियन मुलगा, चेर्निहिव्ह गावचा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या गावाला रशियन सैन्याचा वेढा पडलेला होता. हॉलमधल्या लोकांच्या टाळ्यांत ते सगळं होतंच, नाही असं मी म्हणणार नाही. गंमत म्हणजे हा मुलगा तेल अवीवच्या ज्या संगीतशाळेत शिकला तिच्या नावात आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं नाव आहे. मेहतांकडे पुन्हा येतो.

घरी येताना गाडीत मी तिला विचारलं, "तू परीक्षक असतीस तर तिघांना किती किती मार्क दिले असतेस?" ती म्हणाली, "बाबा, तिघं तीन वेगळ्या गोष्टी करत होते." मला ते उत्तर पोरकट वाटलं. उत्तर टाळतेय, असंच वाटलं. आज वाटतं, त्या गाडीत पोरकट जो कोणी होता तो स्टिअरिंगवर होता.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. आमच्याकडे कुठलंही मापक वापरात घेण्यापूर्वी त्याची परीक्षा करतात, तिला 'गेज आर अँड आर' म्हणतात. एकाच प्रकारचे दहा नमुने घ्यायचे, तीन माणसांना द्यायचे आणि प्रत्येकाने प्रत्येक नमुना दोन-तीनदा मोजायचा. कोणी कुठला नमुना आधी मोजला हे लपवायचं. मग बघायचं, की आकड्यांतला फरक नमुन्यांमुळे येतोय की माणसांमुळे आणि मापकामुळे. माणसांमुळे येणारा फरक फार निघाला तर ते मापक बाद. साधी गोष्ट आहे, पण करोडो डॉलरच्या पाइपलाइनी यावर उभ्या आहेत.

पियानोच्या स्पर्धेला ही चाचणी लावली तर काय होतं? कोणीतरी जवळपास तसंच केलं आहे. ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा ही या क्षेत्रातल्या अत्यंत मानाच्या स्पर्धांपैकी एक. अंतिम फेरीतले बारा जण आठवडाभर, रोज रात्री दोघे, असे वाजवतात आणि कोणी कधी वाजवायचं हे चिठ्ठी टाकून ठरतं. व्हिक्टर गिन्सबर्ग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर तिथले बरेच वर्षांचे निकाल तपासले आणि १९९६ साली प्रसिद्ध केले. पहिल्या दिवशी वाजवणाऱ्याचा नंबर सहसा खाली, आठवड्याच्या उत्तरार्धात वाजवणाऱ्याचा वर. आता चिठ्ठीला काय ठाऊक कोण चांगलं वाजवतो? म्हणजे ते मापन संगीताचं नव्हतं, वाराचं होतं. पुढे २००३ साली त्याने दुसऱ्या एकाबरोबर आणखी एक तपास केला. वरचा नंबर आलेल्यांची पुढची कारकीर्द जास्त भरभराटीची होते, आणि ती केवळ गुणामुळे नाही तर नंबरामुळेही. म्हणजे सोमवारची चिठ्ठी आली म्हणून आयुष्याची दिशा बदलली, असं निदान काही जणांचं तरी झालं असणार.

दुसरा एक प्रयोग याहून जास्त गाजला. चिया-जुंग त्साय या संशोधक बाई स्वतः पियानो वाजवणाऱ्या. त्यांनी २०१३ साली दाखवलं, की स्पर्धेतल्या पहिल्या तिघांच्या छोट्या तुकड्या लोकांना नुसत्या ऐकवल्या तर विजेता ओळखता येत नाही, पण आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं तर बरेच जण ओळखतात. आणि हे तज्ज्ञांनाही लागू! नंतर इतरांनी तपासलं तेव्हा निष्कर्ष वाटला तितका सरसकट निघाला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत मी बांधत नाही. पण मैफलीत गवयाच्या हातवाऱ्यांना दाद देणारे आपले काही काका आठवले, एवढं खरं.

आता मार्कांचं गणित बघा. वॉर्सामधली शोपँ स्पर्धा दर पाच वर्षांनी होते (कोविडमुळे २०२० ची २०२१ वर गेली). तिथे प्रत्येक परीक्षक २५ पैकी गुण देतो, मग सरासरी काढतात, आणि एखाद्याचे गुण सरासरीपासून ठरलेल्या मर्यादेपेक्षा दूर पडले तर ते ओढून मर्यादेत आणतात. हेतू चांगला आहे. एखाद्याने आपल्या आवडत्याला पंचवीस आणि बाकीच्यांना शून्य असं करून निकाल फिरवू नये. (१९५८ साली मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत थोर रिख्तरने व्हॅन क्लायबर्न या अमेरिकन पोराला भरघोस मार्क देऊन बऱ्याच जणांना चक्क शून्य दिली, अशी गोष्ट सांगतात.) पण याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने सांगतो. दहा परीक्षक आहेत. एकाला दहाही जणांनी २० दिले, सरासरी २०. दुसऱ्याला पाच जणांनी पंचवीसपैकी पंचवीस दिले आणि पाच जणांनी वैतागून १२. सरासरी साडेअठरा. पुढे कोण गेला? ज्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही तो. ज्याच्यासाठी अर्धी खोली वेडी झाली तो घरी गेला.

हे कल्पनेतलं नाही. १९८० साली याच वॉर्सामध्ये इव्हो पोगोरेलिच नावाच्या मुलाला अंतिम फेरीआधीच बाद केलं, तेव्हा मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळ सोडून निघून गेल्या. पोगोरेलिच अलौकिक प्रतिभेचा आहे असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या काहींना तो उद्धट आणि शोपँची मोडतोड करणारा वाटला. त्या भांडणात पहिला कोण आला हे जग जवळजवळ विसरूनच गेलं. तो कोण, ते थोड्या वेळाने.

स्पर्धांविरुद्ध सगळ्यांत जळजळीत बोलणारा माणूस मात्र आमच्या कॅनडाचा, टोरांटोचा ग्लेन गूल्ड. लहानपणी तिथल्या किवानिस फेस्टिव्हलमध्ये तोही वाजवून आलेला. पण मोठेपणी त्याला स्पर्धाच काय, जाहीर मैफलीसुद्धा नकोशा झाल्या. १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने मैफली कायमच्या सोडल्या आणि उरलेलं आयुष्य रेकॉर्डिंग स्टुडिओत काढलं. १९६६ मध्ये मॉन्ट्रियलच्या स्पर्धेच्या निमित्ताने त्याने एक खवचट लेख लिहिला होता. मुद्दा एवढाच, की स्पर्धेतून एकमत निघतं, आणि कलेत एकमत म्हणजे जे कोणालाच खुपत नाही ते. स्वतः गूल्ड तर खुपणाराच. बुटक्या मोडक्या खुर्चीवर वाकून बसायचा, वाजवताना गुणगुणायचा. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये ब्राम्सचा कॉन्चेर्टो त्याने इतक्या संथ लयीत घ्यायचा ठरवला, की ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या लिओनार्ड बर्नस्टीनने सुरुवातीला श्रोत्यांना सांगितलं, हे मला मान्य नाही पण ऐकण्यासारखं आहे म्हणून साथ करतोय. हा माणूस कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत उडाला असता. गूल्ड १९८२ च्या ऑक्टोबरात गेला, पन्नाशी पूर्ण करून जेमतेम दहा दिवस झाले होते. आणि आपण लोक काय केलं असेल? १९८५ साली टोरांटोत त्याच्या स्मरणार्थ बाखच्या संगीताची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरवली! स्पर्धा! दारूबंदीवाल्याच्या पुण्यतिथीला बार उघडावा तसं.

इथे गूल्डच्या बाजूने उभं राहून लेख संपवता आला असता. पण मग त्या स्पर्धेत पहिलं कोण आलं, हे सांगायचं राहिलं असतं. ओटावाची अँजेला ह्यूइट, सव्वीस वर्षांची. परीक्षकांत ऑलिव्हिए मेसियाँसारखा संगीतकार. त्या बक्षिसानंतर तिला जग ओळखू लागलं आणि पुढे तिने बाखची पियानोवरची जवळजवळ सगळी कामगिरी रेकॉर्ड केली. आमच्या घरात गूल्डच्या बाखपेक्षा ह्यूइटचा बाख जास्त वाजतो. गूल्ड ऐकताना मान ताठ होते, ह्यूइट ऐकताना कणीक मळता येते, असं आमच्या हिचं म्हणणं. ज्या गोष्टीचा गूल्डने तिरस्कार केला, तिच्यातूनच गूल्डच्या गावाशेजारची ही बाई वर आली.

म्हणजे मग स्पर्धा वाईट म्हणायची की चांगली? माझं आपलं मत सांगतो, पटतंय का बघा. स्पर्धा ही चाळणी म्हणून उत्तम आहे, तराजू म्हणून भिकार. दोनशे अर्जांतून दहा खरोखर चांगले वादक निवडायला सांगा, जगातले कुठलेही दहा जाणकार साधारण तेच दहा-पंधरा काढतील. पण त्या दहांतून पहिला, दुसरा, तिसरा लावायला सांगितलं की वार, चिठ्ठी, अंगातले कपडे आणि सरासरीचं सूत्र हेच बोलू लागतं. आमच्या भाषेत, मापकाची अचूकता मिलिमीटरची आहे आणि आपण त्यावर मायक्रॉन वाचतोय.

आणि चाळणी हवीच, हे मी जास्त ठामपणे सांगतो, कारण चाळणी नसते तिथे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे दार असतं, आणि दारावर माणूस. आपल्या गाण्यात स्पर्धा नव्हत्या. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं व्हायचं, अजूनही होतं, मोठमोठे गवई येऊन हजेरी लावून जातात. कोणाला मार्क नाहीत, नंबर नाहीत. किती छान, असं मीही म्हणत आलो. पण तिथे बसण्याइतकं शिकायला मिळणं हे कोणाच्या हातात होतं? केसरबाई केरकरांसारख्या अफाट गायिकेने शिष्या म्हणून तयार केली ती धोंडूताई कुलकर्णी ही एक. बाकी जगाला ती विद्या बंद. केसरबाईंचा हक्क होता तो, मी कोण बोलणार, पण दाराबाहेर किती जणी उभ्या राहिल्या असतील?

(जाता जाता. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे आणि ग्लेन गूल्डचा बाखही आहे. गोव्यातल्या केरीची एक बाई आणि टोरांटोचा एक विक्षिप्त बाबा, दोघंही आता सूर्यमालेच्या सीमेपलीकडे एकत्र चाललेत. दोघांनाही सरासरी काढून निवडलं असतं तर कदाचित दोघंही इथेच राहिले असते, हे चाळणीच्या विरोधात जातं. जाऊ दे. लेख माझा असला म्हणून सगळे पुरावे माझ्या बाजूचे कसे असतील?)

आपल्याकडेही मार्क देण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता. १९५२ ते ६२ बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते, तेच ज्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी घालवली आणि रेडिओ सिलोनची चांदी केली. त्यांच्या काळात आकाशवाणीच्या कलाकारांना ऑडिशन देऊन श्रेणी घ्यावी लागू लागली, आणि परीक्षक मंडळाच्या प्रमुखस्थानी होते पंडित श्रीकृष्ण रातंजनकर. केवढा गहजब झाला! पिढ्यान्‌पिढ्या गाणारे उस्ताद म्हणाले, आमची परीक्षा घेणारे तुम्ही कोण? त्यांचा राग मला समजतो. साठीच्या माणसाला परीक्षेला बसवणं हे अपमानाचंच. पण त्याच पद्धतीमुळे शाळेत-क्लासात शिकलेल्या, कुठल्याही घराण्यात न जन्मलेल्या किती तरी जणांना मायक्रोफोनपर्यंत पोचता आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता झुबिन मेहतांकडे. वडील मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, म्हणजे घरात संगीत होतंच. पण १९५० च्या दशकात मुंबईचा एक पारशी मुलगा युरोप-अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रासमोर उभा राहील, असं तिथल्या कोणाच्या स्वप्नातही नसणार. तो व्हिएन्नाला जाऊन शिकला, १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकला आणि १९६१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, मॉन्ट्रियल सिंफनीचा संगीत दिग्दर्शक झाला. आपल्यापैकी कोणी सिव्हिल इंजिनियर म्हणूनसुद्धा इथे यायच्या आधीची ही गोष्ट! त्या एका स्पर्धेनेच सगळं झालं असं नाही, पण ओळखपाळख नसलेल्या माणसाला "एकदा ऐका तरी" म्हणायची सोय झाली.

आणि १९८० चा तो विसरला गेलेला विजेता. त्याचं नाव डांग थाय सोन, हनोईचा. शोपँ स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. व्हिएतनामच्या युद्धात बॉम्बफेकीमुळे संगीतशाळा खेड्यात हलवली होती तिथे हा पोरगा शिकला. पुढे मॉन्ट्रियलला येऊन स्थायिक झाला, आपल्यासारखाच. त्याच्याच हाताखाली शिकलेला मॉन्ट्रियलचा ब्रूस लियू २०२१ साली वॉर्सामध्ये पहिला आला, तिथे पहिला येणारा पहिला कॅनेडियन. त्याच वर्षी सहावा आलेला जे. जे. जुन ली बुई हासुद्धा कॅनडाचा आणि सोनचाच शिष्य. गुरू परीक्षक मंडळात होता, म्हणून लोकांनी भुवया उंचावल्या. नियम असा, की आपल्या शिष्याला परीक्षकाने गुण द्यायचे नाहीत. मला विचाराल तर शेजारी बसलेल्यांच्या मनावरचं दडपण नियमाने जात नाही. पण ब्रूस लियूचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर तक्रार करायची इच्छा राहत नाही.

आमच्या जवळचं उदाहरण आणखी बोलकं आहे. कॅल्गरीहून व्हँकूव्हरला गाडीने जाताना रॉकीज ओलांडून पाच-सहा तासांनी सॅमन आर्म नावाचं गाव लागतं. आम्ही तिथे पेट्रोल भरतो, कॉफी घेतो आणि निघतो. विसेक हजार वस्ती. तिथला जेडन इझिक-झुर्को २०२४ च्या मे महिन्यात मॉन्ट्रियलची स्पर्धा जिंकला आणि सप्टेंबरात इंग्लंडमधली लीड्सची. (लीड्सला याआधी १९८४ साली व्हँकूव्हरकडचाच जॉन किमुरा पार्कर पहिला आला होता.) सॅमन आर्मच्या मुलाला कुठलं घराणं आणि कुठली ओळख? त्याला चाळणीच हवी होती. आपल्या शेतकऱ्याच्या, मास्तरच्या, कारकुनाच्या पोरांना बारावीची बोर्डाची परीक्षा जशी हवी होती तशी. माझे वडील एसटीत होते. माझ्याकडे त्या गुणपत्रिकेशिवाय दुसरं काहीही नव्हतं, तिच्यावर मी इथवर आलो. म्हणून स्पर्धा बंद करा म्हणणाऱ्या कलावंतांचा मला मनातून थोडा रागही येतो. ते बहुतेक दाराच्या आतले असतात.

आता खरं अवघड ते.

आमची कन्या सहाव्या वर्षापासून शिकत होती. इथे आपल्या लोकांत पियानो म्हणजे रॉयल कॉन्झर्व्हेटरीच्या परीक्षा. आपल्या गांधर्वच्या प्रवेशिका-मध्यमा असतात तशा पायऱ्या, शंभरपैकी मार्क, ऐंशीच्या वर आलं की फर्स्ट क्लास ऑनर्स. तिला नेहमी ऐंशीच्या वर. होनन्सच्या त्या रात्रीनंतर, २०२३ च्या वसंतात, मी तिला गावातल्या एका छोट्या संगीत महोत्सवाच्या स्पर्धेत घातलं. घातलं, हाच शब्द बरोबर आहे. तिने शूबर्टचा एक तुकडा वाजवला. मधे एका ठिकाणी ती थांबली. चुकली नाही, थांबली, एक श्वास जास्त घेतला आणि पुढे गेली. मला ते आवडलं होतं, हे मी आज लिहितोय, तिला तेव्हा सांगितलं नाही. परीक्षक बाईंनी पानभर छान लिहून दिलं होतं. खाली आकडा होता, ८४. मी ते पान न वाचता आकडा वाचला आणि विचारलं, "पहिल्या मुलीला किती?"

८६ होते. दोन मार्कांचा फरक. गेज आर अँड आर रोज करणारा मी, मापकातली चूक दोनपेक्षा कितीतरी मोठी असते हे झोपेतही सांगू शकणारा मी, घरी येईपर्यंत त्या दोन मार्कांवर बोलत होतो. तो श्वास घेतला नसतास तर, वगैरे. तिने घरी आल्यावर पियानोचं झाकण लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. पुढे दीड वर्ष ते तसंच राहिलं. वर धुळीचे कपडे, मग हिच्या कुंड्या, मग माझी टॅक्सची फाइल. बाईंनी दिलेलं ते पान मी खूप नंतर, फाइल शोधताना वाचलं. त्यात त्या थांबण्याबद्दल दोन ओळी होत्या, की ही जागा तुझी स्वतःची आहे, ती जपून ठेव.

चाळणी मिळाली होती मला, मी तिचा तराजू केला. गुणपत्रिकेवर वर आलेल्या माणसाला गुणपत्रिकेपलीकडचं दिसेनासं होतं की काय कोण जाणे. माझ्या पिढीच्या अनेक बापांना इथे ओळखतो, बुद्धिबळ, स्पेलिंग, गणित, पोहणं, सगळीकडे हेच. आम्हाला वाटतं आम्ही मुलांना दार उघडून देतोय.

झाकण कसं उघडलं ते मला माहीत नाही. एका शनिवारी मी गॅरेजमध्ये बर्फाचे टायर चढवत होतो आणि वरून आवाज आला. मी वर गेलो नाही. (एवढं शहाणपण एव्हाना आलं होतं.) मग या ऑक्टोबरात, २०२५ च्या, वॉर्साची शोपँ स्पर्धा आली. त्यात आमच्या कॅल्गरीचा केव्हिन चेन. वीस वर्षांचा, त्याआधी जिनिव्हा आणि रुबिनस्टाईन या दोन्ही स्पर्धा जिंकलेला. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ, त्यामुळे शाळेत चोरून मोबाईलवर बघणं चाललं होतं, असं मला नंतर कळलं. केव्हिन दुसरा आला, पहिला अमेरिकेचा एरिक लू. मी सवयीने विचारणार होतो की किती फरकाने, पण गप्प बसलो. तीच म्हणाली, "दुसरा आला म्हणून काही बिघडलं नाही. आता सगळे त्याला ऐकतील."

आणि गेल्या आठवड्यात, वरण-भात कालवता कालवता, तिने ते वाक्य टाकलं. "मी वसंतातल्या त्या फेस्टिव्हलला नाव देतेय. शूबर्टच वाजवणार आहे."

मी इतके दिवस मनातल्या मनात स्पर्धांविरुद्ध जी भाषणं तयार केली होती ती सगळी घशाशी आली. म्हटलं, तुला नक्की जायचंय का, गरज आहे का, नुसतं घरी वाजवलंस तरी... ती म्हणाली, "तिथे बाकीचे काय वाजवतात ते मला ऐकायचंय. आणि त्या बाई परत असतील तर त्यांना ऐकवायचंय. पण बाबा, तू हॉलमध्ये यायचं, कागद मात्र तुला दाखवणार नाही."

"मार्कसुद्धा नाही?"

"मार्कच नाही. लिहिलेलं वाचून दाखवेन."

ही स्वयंपाकघरात हसू दाबत होती. मी हो म्हणालो. प्रवेश-अर्जाची फी मात्र मीच भरायची आहे, त्याबाबतीत कन्येचं काही तात्त्विक म्हणणं नाही.